टेस्ट निगेटिव्ह, पेशी आजारी: पुण्यातल्या एका मेलॅनोमा सेल लाइनचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजातलं. कॉलेजचं नाव देत नाही, कारण जे तिथे घडलं ते कुठल्याही लहान सेल कल्चर लॅबमध्ये घडू शकतं. एक खोली, एक बायोसेफ्टी कॅबिनेट, एक सीओटू इन्क्युबेटर, कोपऱ्यात लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर आणि मेलॅनोमावर, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगावर, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी. तिच्या गाइड मॅडमनी मला फोन केला तो गणपती उरकल्यानंतर. म्हणाल्या, "फ्रीज केलेल्या पेशी उठवल्या, पण त्या नीट वाढत नाहीयेत. येऊन बघाल का?"

विद्यार्थिनीकडे तीन प्रकारच्या पेशी होत्या. पहिली ए३७५. ही ५४ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेलॅनोमापासून तयार झालेली, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली मानवी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणारा पेशींचा वंश. मेलॅनोमाची असूनही ती रंगद्रव्य बनवत नाही. तिच्या बी-रॅफ या जनुकात व्ही६००ई नावाचा बदल आहे आणि नेमक्या त्याच बदलावर व्हेम्युराफेनिब हे औषध काम करतं. दुसरी लाइन विद्यार्थिनीने स्वतः घडवलेली. ए३७५ला व्हेम्युराफेनिबची मात्रा पायरीपायरीने वाढवत नेऊन, बऱ्याचशा पेशी मरू देऊन आणि उरलेल्या पुन्हा वाढवून, अनेक महिने खपून तिने औषधाला न जुमानणाऱ्या पेशी मिळवल्या होत्या. लॅबमध्ये तिला नुसतं 'रेझिस्टंट' म्हणत. तिसरी उंदराची, बी१६-एफ१०. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरात आपोआप झालेल्या मेलॅनोमातून बी१६ निघाली. पुढे फिडलर या संशोधकाने या पेशी शेपटीच्या शिरेतून टोचायच्या, फुप्फुसात रुजलेल्या गाठी काढून वाढवायच्या आणि पुन्हा टोचायच्या, असं दहा वेळा करून फुप्फुसात जोमाने पसरणारी एफ१० निवडली. तेही १९७३ मध्येच. या पेशी मेलॅनिन भरपूर बनवतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर ट्यूबच्या तळाशी जो पेलेट बसतो तो चांगल्या कल्चरमध्ये कोळशासारखा काळा दिसतो.

तक्रार अशी होती की बी१६-एफ१० दोन दिवसांत फ्लास्क भरायची ती आता निम्मीही भरत नव्हती. पेलेट राखाडी पडला होता. ए३७५चे एमटीटीचे (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीचे) आकडे एका प्लेटहून दुसऱ्या प्लेटला जुळत नव्हते. दुसरीकडे बी१६-एफ१० ज्यांच्यात टोचायची ते उंदीर मागवून झाले होते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही हातात होती. त्यामुळे घाई होती, आणि घाईत माणूस जे पहिलं कारण सुचेल ते धरून बसतो.

नायट्रोजनवरचा संशय

सगळ्यांचं बोट नायट्रोजनकडे होतं. विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, त्यामुळे नायट्रोजनची गाडी त्या आठवड्यात आलीच नव्हती. कंटेनर कोरडा पडला असणार, पेशी अर्धवट वितळून पुन्हा गोठल्या असणार, असा तर्क होता.

तर्क चुकीचा नव्हता, पण तपासता येण्याजोगा होता. लॅबमधले मामा दर दोन दिवसांनी लाकडी पट्टी कंटेनरमध्ये बुडवतात, बाहेर काढून हलवतात आणि तिच्यावर बर्फाची पांढरी रेघ जिथवर उमटते तो सेंटिमीटरचा आकडा वहीत लिहितात. ती वही मी मागून घेतली. गणपतीच्या आठवड्यात पातळी खाली गेली होती, पण तळाला लागली नव्हती. ज्या रॅकवर पेशींच्या व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, होत्या तो तेव्हाही थंड वाफेत होताच. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. चांगल्या कंटेनरमध्ये त्याच्या वरच्या वाफेतही उणे १३५च्या खालचं तापमान टिकतं, आणि तिथे बर्फाच्या स्फटिकांची उलथापालथ जवळपास थांबलेली असते. मामांच्या त्या वहीने आमचे पुढचे कित्येक दिवस वाचवले. अशी नोंद ठेवणाऱ्या माणसाची नोंद प्रबंधाच्या ऋणनिर्देशात क्वचितच होते, म्हणून इथे मुद्दाम करतो.

पुणे जिल्ह्यात हा कंटेनर काही फक्त संशोधकांच्या ओळखीचा नाही. उरुळी कांचनच्या बाएफ या पशुधन विकासाचं काम करणाऱ्या संस्थेचं गोठवलेलं वीर्य गावोगावच्या गोठ्यांपर्यंत याच नायट्रोजनमधून गेलं. शास्त्रही एकाच घराण्यातलं आहे. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलमध्ये कोंबड्याचे शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता आले. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डीएमएसओ हे द्रावकही हेच काम करतं हे दाखवलं. आज मेलॅनोमाच्या पेशी गोठवताना आपण तोच डीएमएसओ वापरतो.

नायट्रोजन निर्दोष असल्याचा याहून पक्का पुरावा मायक्रोस्कोपखाली होता. साठवणीत बिघाड झाला तर पेशी उठवतानाच मेलेल्या दिसतात. ट्रायपॅन ब्लू हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो, त्यामुळे तो घातल्यावर निळ्या पेशींची गर्दी होते. इथे नुकत्याच उठवलेल्या व्हायलमध्ये दहातल्या नऊ पेशी स्वच्छ, न रंगलेल्या होत्या. म्हणजे पेशी जिवंत उठत होत्या आणि त्यानंतर कुढत होत्या. दोष थंडीचा नव्हता.

फिका पेलेट

मग रंगाचा प्रश्न. प्रयोगवही चाळताना दिसलं की मे महिन्यात डीएमईएम हे पेशी वाढवायचं पोषक माध्यम संपलं, पुरवठादाराने तारखा लांबवल्या आणि विद्यार्थिनीने बी१६-एफ१० आरपीएमआय १६४० या माध्यमावर नेली. पेशी दोन्हींवर वाढतात, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण मेलॅनिन बनतं टायरोसीनपासून, आणि डीएमईएममध्ये टायरोसीन आरपीएमआयच्या साडेतीन पटींच्या आसपास असतं. कच्चा मालच कमी पडला तर रंग उतरणारच.

आम्ही एक फ्लास्क परत डीएमईएमवर नेला. पुढच्या काही पॅसेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये विभागून वाढवण्याच्या फेऱ्यांमध्ये) पेलेट गडद झाला, पण काळा झाला नाही, आणि वाढ तर अजिबात सुधारली नाही. इथे मला पहिल्यांदा वाटलं की दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळली आहेत आणि एकाचं उत्तर मिळाल्याच्या समाधानात दुसरं निसटू शकतं. मॅडमना सांगितलं, "रंगाचं अर्धं कोडं सुटलं, वाढीचं अजून तसंच आहे. मायकोप्लाझ्मा बघितला का?"

"बघितलाय ना. पीसीआर केलाय. बी१६ निगेटिव्ह आहे." मग जरा थांबून, "ए३७५ मात्र पॉझिटिव्ह आली. तिचं काय करायचं ते बघतोय."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत होतं. दोन्ही लाइन एकाच कॅबिनेटमध्ये हाताळल्या जात होत्या, एकाच इन्क्युबेटरच्या एकाच फळीवर राहत होत्या, सीरमची बाटलीही एकच होती. त्यातली एक लागण झालेली आणि दुसरी, जी उघड आजारी दिसते, ती शुद्ध? असं होणं अशक्य नाही, पण मानायला जड आहे.

निगेटिव्ह म्हणजे काय

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पेशी वाढवणाऱ्याला साधं बॅक्टेरियल कॉन्टॅमिनेशन डोळ्यांनी कळतं आणि हे कळत नाही. साधे बॅक्टेरिया घुसले तर रातोरात माध्यम गढूळ आणि पिवळं होतं. मायकोप्लाझ्मा मिलिलिटरला कोटीच्या घरात गेला तरी माध्यम नितळच राहतं. तो इतका लहान आणि लवचीक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तो पेशींच्या वाटचं खातो, त्याच्या काही जाती माध्यमातलं आर्जिनीन संपवतात, आणि पेशी न मरता मंदावतात. एमटीटीचा रंग बदलण्याचं काम तो स्वतःही करू शकतो, म्हणून प्लेटचे आकडे बहकतात.

पीसीआर म्हणजे नमुन्यातल्या ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवून तो जेलवर पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. विद्यार्थिनीने केलेला पीसीआर हातोटीचा होता. मायकोप्लाझ्माचा डीएनए मुद्दाम घातलेल्या पॉझिटिव्ह कंट्रोलची पट्टी ठळक होती, पाण्याच्या कंट्रोलमध्ये काही नव्हतं, ए३७५च्या रकान्यात पट्टी होती आणि बी१६च्या रकान्यात अंधार. कुणीही ते निगेटिव्हच वाचलं असतं. पण पॉझिटिव्ह कंट्रोल वेगळ्या ट्यूबमध्ये असतो. त्यातून रसायनं चालतात एवढंच कळतं. बी१६च्या ट्यूबमध्ये अभिक्रिया चालली का, हे त्यातून कळत नाही. आणि बी१६मध्ये मेलॅनिन आहे. मेलॅनिन डीएनएबरोबरच शुद्धीकरणातून पार होतं आणि पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं. मेलॅनोमावर काम करणाऱ्यांना हे पाठ असायला हवं, पण मायकोप्लाझ्माच्या किटचं माहितीपत्रक सगळ्या प्रकारच्या पेशींसाठी एकच असतं.

म्हणून एक साधी गोष्ट केली. बी१६च्या नमुन्यात पॉझिटिव्ह कंट्रोलचा डीएनए मुद्दाम थोडासा मिसळला आणि पीसीआर पुन्हा लावला. आता पट्टी यायलाच हवी होती. आली नाही. म्हणजे आधीचा निकाल निगेटिव्ह नव्हता. तो निकालच नव्हता. मग तोच नमुना दहापट आणि शंभरपट पातळ केला, अभिक्रियेत बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घातलं, कारण ते मेलॅनिनला धरून ठेवतं. शंभरपट पातळ केलेल्या रकान्यात मायकोप्लाझ्माची पट्टी स्पष्ट उमटली. विद्यार्थिनी जेलकडे बघत म्हणाली, "सर, ही तेव्हाही होतीच ना?" होतीच.

एका पद्धतीवर विसंबायचं नाही म्हणून होएक्स्टचा, म्हणजे डीएनएला चिकटून चमकणारा, रंगही केला. बी१६च्या स्वतःच्या रंगाचा अडथळा नको, यासाठी तिच्या फ्लास्कमधलं नुसतं माध्यम व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर घातलं, काही दिवस वाढू दिलं आणि मग होएक्स्ट ३३२५८ने रंगवून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं. निरोगी पेशीत फक्त केंद्रक चमकतं. इथे केंद्रकाभोवती सगळीकडे बारीक चमकते ठिपके विखुरले होते.

आली कुठून

ए३७५ गणेशखिंडच्या विद्यापीठ परिसरातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून आली होती. देशभरातल्या लॅबना पेशी पुरवणारा राष्ट्रीय साठा पुण्यातच आहे, ही इथल्या विद्यार्थ्यांची मोठी सोय आहे. तिच्या आल्याचा कागद होता, पॅसेज नंबर होता. आल्यावर लगेच गोठवलेल्या पहिल्या व्हायल आम्ही तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या.

बी१६-एफ१०चा कागद नव्हता. ती ओळखीच्या एका लॅबमधून, मैत्रीखात्यात, माध्यमाने काठोकाठ भरलेल्या फ्लास्कमधून आली होती. पॅसेज नंबर माहीत नव्हता. ती आली त्याच दिवशी बाकीच्या पेशींशेजारी इन्क्युबेटरमध्ये बसली. असं देणंघेणं पुण्यात रोज चालतं आणि त्यामागची भावना चांगलीच असते. पण नवीन आलेली लाइन तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळी ठेवायची, वेगळा इन्क्युबेटर नसेल तर निदान तिचं काम दिवसाच्या शेवटी करायचं, तिचं माध्यम आणि ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) वेगळं ठेवायचं, यात मैत्रीचा अपमान काही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन कायम घातलेलं होतं. बहुतेक लॅबमध्ये असतंच. पावसाळ्यात बुरशी आणि बॅक्टेरियाची भीती असते, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, इन्क्युबेटर थंड होतो, दार उघडझाप होते, म्हणून सावधगिरी. पण ही सावधगिरी हाताळणीतली ढिलाई झाकते. अँटिबायोटिक नसतं तर त्या ढिलाईचा पुरावा दुसऱ्याच दिवशी पिवळ्या फ्लास्कच्या रूपाने समोर आला असता. अँटिबायोटिक होतं म्हणून गढूळपणा आणणारे जंतू मेले आणि न दिसणारा मायकोप्लाझ्मा तेवढा उरला.

काय टाकलं, काय राखलं

बी१६-एफ१०बद्दल निर्णय सोपा होता. ती पुन्हा मिळू शकते, म्हणून सगळे फ्लास्क आणि सगळ्या व्हायल ऑटोक्लेव्ह करून टाकल्या. विद्यार्थिनीला वाईट वाटलं. गोठवलेल्या व्हायल तरी ठेवूया, म्हणाली. पण मायकोप्लाझ्मा डीएमएसओमध्ये पेशींइतकाच सुखाने गोठतो आणि पेशींबरोबर उठतो. अशी व्हायल टाकीत ठेवणं म्हणजे ती कुणीतरी कधीतरी उघडणार याची सोय करून ठेवणं. उंदरांची मागणी पुढे ढकलली. ही लाइन प्राणीघरात गेली असती तर लागण उंदरांपर्यंत पोचली असती, आणि ते प्राणीघर इतर विभागांचंही आहे.

वाढवत असलेल्या ए३७५चे फ्लास्कही टाकले आणि एनसीसीएसहून आल्यावर गोठवलेल्या स्वच्छ व्हायलमधून पुन्हा सुरुवात केली. तेव्हा आल्याआल्या, प्रयोगाला हात लावायच्या आधी, काही व्हायल गोठवण्याची सवय मॅडमनी लावली होती, त्याचा हा उपयोग झाला.

रेझिस्टंट लाइनचा प्रश्न अवघड होता. ती जगात दुसरीकडे कुठे नव्हती आणि तिच्या सगळ्या व्हायल लागण झालेल्या होत्या. लागण झालेल्या पेशी टाकाव्यात हे माझं मत ठाम आहे, पण अपवाद करायचाच तर तो अशाच लाइनसाठी. दुसऱ्या विभागातला वापरात नसलेला एक जुना इन्क्युबेटर मिळाला. तिथे फ्लुओरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक साधारण दोन आठवडे दिलं. त्यानंतर खरी परीक्षा. अँटिबायोटिक थांबवून तितकाच काळ त्याच्याशिवाय पेशी वाढवायच्या आणि मगच तपासायचं. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेली टेस्ट मायकोप्लाझ्मा दबलेला असला तरी निगेटिव्ह येते. दोन वेगवेगळ्या वेळी, पीसीआर आणि होएक्स्ट दोन्हींनी तपासल्यावर लाइन स्वच्छ निघाली.

तरीही एक प्रश्न उरतोच. दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकमधून वाचलेल्या पेशी पूर्वीच्याच आहेत का? त्यासाठी एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींच्या डीएनएचा ठसा, करून घेतलं आणि ते मूळ ए३७५च्या प्रसिद्ध प्रोफाइलशी जुळवलं. ८० टक्के किंवा अधिक जुळणी असेल तर पेशी एकाच व्यक्तीच्या मानतात. इथे जुळणी त्याहून बरीच वर होती. ही तपासणी कुणाला कागदी सोपस्कार वाटत असेल तर त्याने एमडीए-एमबी-४३५ची गोष्ट लक्षात घ्यावी. ती लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, आणि तिचं प्रोफाइल निघालं एम१४ या मेलॅनोमाच्या लाइनचं. एसटीआरवरून मात्र पेशी कुणाच्या एवढंच कळतं, औषधाला दाद देतात की नाही हे कळत नाही. म्हणून व्हेम्युराफेनिबची मात्रा आणि परिणाम पुन्हा मोजले. रेझिस्टन्स टिकून होता, पण जुन्या आकड्यांएवढा मोठा नव्हता. जुने आकडे प्रबंधातून काढले. त्या रात्री विद्यार्थिनी फार वेळ बोलली नाही. पण काढायचा निर्णय तिनेच घेतला, मॅडमनी सांगायच्या आधी.

पुन्हा गोठवताना

या वेळी क्रम उलटा ठेवला: आधी तपासणी, मग गोठवण, मग प्रयोग. पेशी भरभर वाढत असतानाच घेतल्या, फ्लास्क ७०-८० टक्के भरलेला, आदल्या दिवशी माध्यम बदललेलं, जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर. सीरममध्ये १० टक्के डीएमएसओ, मिलिलिटरला दहा ते वीस लाख पेशी. डीएमएसओ खोलीच्या तापमानाला पेशींना मानवत नाही, म्हणून तो घातल्यावर गप्पा बंद. व्हायल आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात घालून रात्रभर उणे ८०च्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, कारण मिनिटाला सुमारे एक अंश या वेगाने थंड झाल्या की पाण्याला पेशीबाहेर पडायला वेळ मिळतो. याहून भरभर गोठलं तर पेशीच्या आतच बर्फ होतो, फार रेंगाळलं तर बाहेरच्या साचत चाललेल्या क्षारांनी पेशी करपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट नायट्रोजनमध्ये. 'उणे ८०लाच असू द्या, पुढच्या आठवड्यात हलवू' हे पुढचे आठवडे बहुतेक लॅबमध्ये महिने होतात आणि तेवढ्यात पेशी दम सोडतात.

रेझिस्टंट लाइनची एक खोड आहे. अशा काही लाइन व्हेम्युराफेनिबच्या इतक्या सवयीच्या होतात की औषध काढलं तरी मंदावतात. म्हणून तिच्या व्हायलसोबत वहीत लिहून ठेवलं: उठवल्यावर पेशी चिकटल्या की पुढच्या माध्यमापासून औषध सुरू करा, मात्रा अमुक.

प्रत्येक लाइनचे दोन साठे केले. मास्टर साठ्याला हात लावायचा नाही. रोजच्या कामाला वर्किंग साठा, आणि तोही संपत आला की मास्टरची एकच व्हायल उठवून नवा वर्किंग साठा. मास्टरमधल्या काही व्हायल दुसऱ्या संस्थेच्या कंटेनरमध्ये ठेवायला दिल्या. एकच कंटेनर आणि एकच मामा, यावर एखाद्या लाइनचं अस्तित्व अवलंबून असू नये. मामांनाही ते पटलं. "माझ्या रजेत कोण बघणार, हे मी कधीचं विचारतोय," म्हणाले.

व्हायल उठवताना चेहऱ्यावर शील्ड हवी, हा नियमही तेव्हाच दारावर लागला. द्रवात बुडालेल्या व्हायलमध्ये नायट्रोजन शिरला असेल तर ऊब लागताच तो शेकडो पटींनी फुगतो आणि व्हायल फुटते. नव्या व्हायल आता वाफेतल्या रॅकवर आहेत.

जाता जाता एक गोष्ट मॅडमशी बोलताना निघाली, ती इथे नोंदवतो. भारतात मेलॅनोमा कमी आढळतो आणि जो आढळतो त्यात तळपाय, तळहात, नखाखालची जागा आणि श्लेष्मल त्वचा यांवरच्या गाठींचा वाटा मोठा असतो. अशा गाठींमध्ये बी-रॅफचा हा बदल तुलनेने कमी दिसतो. म्हणजे ए३७५वर कितीही काटेकोर काम केलं तरी ससूनच्या ओपीडीत तळपायावरचा काळा डाग घेऊन येणाऱ्या माणसाच्या पेशी तिच्यासारख्या असतीलच असं नाही. भारतीय रुग्णांच्या अशा गाठींपासून सेल लाइन तयार व्हायला हव्यात, तपासून गोठवल्या जायला हव्यात आणि सगळ्यांना मिळायला हव्यात. मॅडम आता संमतिपत्राचा मसुदा करत आहेत.

नवी बी१६-एफ१० एनसीसीएसकडून आली. ती वेगळी ठेवली, तपासली, तपासताना नमुन्यात कंट्रोल डीएनए मिसळलेली जोडट्यूब सोबत लावली आणि मगच गोठवली. उंदरांचा प्रयोग तिच्या सुरुवातीच्या पॅसेजवर सुरू झाला आहे. पेलेट काळा आहे.